आधी पापणी उलटून बघा

गोठ्यातले प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या खेपेला कागदावरची पत्रं चारच आली, बाकी सगळे फोनवरचे आवाजी निरोप. एका निरोपात प्रश्नापेक्षा मागच्या शेळीचं बें-बेंच जास्त ऐकू येतं. खरं सांगते, त्या बें-बेंमधल्या खोकल्यावरूनच मला जास्त कळलं. त्या ताईंना मी परस्पर फोन केला आहे. बाकीच्यांपैकी सातांना इथे उत्तरं देते.

"मी २६ वर्षांचा आहे. पाच दिवसांचं शेळीपालनाचं प्रशिक्षण केलं, प्रमाणपत्रही मिळालं. नंतर राजस्थानातून २५ सिरोही शेळ्या आणि १ बोकड गाडीने आणले. महिन्यात ११ दगावल्या. नाकातून शेंबूड, तोंडात फोड, घाण वास, मग हगवण. प्रशिक्षणात शेडची मापं, कर्ज, अनुदान सगळं सांगितलं होतं. याहून चांगलं प्रशिक्षण कुठे मिळेल? पुढे १०० शेळ्यांची योजना करायचा विचार आहे." (येवला तालुका)

भाऊ, आधी उरलेल्या १५ जिवांचं बघू, मग प्रशिक्षणाचं.

तुम्ही लिहिलेली लक्षणं पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणाऱ्या एका विषाणूच्या रोगाची वाटतात. 'वाटतात' म्हणते, कारण खात्री नमुना तपासल्यावरच होते. आजच दवाखान्यात कळवा, तिथे कोणी भेटलं नाही तर जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीचा नंबर १९६२, त्याला फोन लावा. या विषाणूवर औषध नाही. पण त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियावर आणि हगवणीवर आहे, आणि वेळेत सलाईन लागली तर काही वाचतात. आजारी आणि धडधाकट शेळ्या वेगळ्या बांधा. चारापाणी आधी धडधाकटांना, शेवटी आजाऱ्यांना. मेलेली खोल पुरा, वर चुना टाका. आणि एकही शेळी बाजारात नेऊ नका. घातलेल्या पैशातले थोडे तरी सुटावेत म्हणून माणूस नेतो, मला माहीत आहे. पण ती शेळी शेवटी कुठल्यातरी मावशीच्या दोन शेळ्यांशेजारी जाऊन उभी राहते. दुखणं असं गावोगाव हिंडतं.

झालं काय असावं? विषाणू अंगात गेल्यावर चार-सहा दिवसांनी ताप चढतो. म्हणजे गाडीत चढवताना शेळी ठणठणीत दिसली असणार. मग चार गावच्या शेळ्या एका गाडीत, उपाशी, उभ्या, वारा लागलेल्या. पीपीआरची एक लस तीन वर्षं तारते. लस देऊन निदान तीन आठवडे झालेल्याच शेळ्या उचलायच्या आणि घरी आणल्यावर महिनाभर वेगळ्या ठेवायच्या, एवढं कुणी सांगितलं असतं तर बहुधा हे टळलं असतं. शेडची मापं त्यानंतरही कळली असती.

आता प्रशिक्षणाबद्दल. मी ३१ वर्षं या नाशिक जिल्ह्यात पशुवैद्यकीय नोकरी केली, सुरगाण्यापासून नांदगावपर्यंत. सुरुवातीची काही वर्षं मीही अशीच प्रशिक्षणं घ्यायचे. ग्रामपंचायतीचा हॉल, पडदा, पडद्यावर उस्मानाबादी, संगमनेरी, सिरोही, बोअर अशी ओळीने चित्रं, समोर साठ बायका. सिन्नरकडच्या एका गावात बोलणं संपल्यावर मी विचारलं, काही शंका? एक आजी म्हणाल्या, "बाई, माझी शेळी भाईर बांधलीये, तिचं सांगा." त्यांनी खरंच शेळी आणून हॉलच्या गेटला बांधली होती. मी बाहेर गेले, माझ्यामागे सगळ्या बाया उठून आल्या, आत पडद्यावर बोअर बोकड एकटाच उभा. त्या शेळीची खालची पापणी मी उलटली तर आतून चुन्यासारखी पांढरी. मग प्रत्येकीने ती पापणी उलटून पाहिली. शेजारच्या घरातून दुसरी शेळी आणली, तिची लालसर निघाली. अर्ध्या तासात साठ जणींना रक्त कमी झालेली शेळी ओळखता येऊ लागली. पडद्यासमोर दोन तासांत त्यांच्या पदरात काय पडलं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर मी प्रशिक्षण घेतलं ते झाडाखालीच.

जागा विचारताय तर सांगते. गंगापूर रोडला गोवर्धनचं मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, एक मालेगावला आहे. चाळीसगावजवळ बिलाखेडला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीवर वर्षानुवर्षं काम चाललंय, आणि संगमनेरी ही तर आपल्या नाशिक-नगर-पुणे पट्ट्यातलीच, तिला इथली हवा नव्याने शिकवावी लागत नाही. पण फी भरण्याआधी एवढंच विचारा: शेळीला हात लावायला मिळणार का? वजन करायला, औषध पाजायला, दात बघायला मिळणार का? नुसतं 'दाखवू' म्हणाले तर घरीच थांबा.

शंभर शेळ्यांचं म्हणाल, तर कागद काढा. एका शेळीला दिवसाला साडेतीन किलो हिरवा चारा धरला तर १०० शेळ्यांना साडेतीन क्विंटल, वर्षाला सव्वाशे टनांच्या वर. येवल्यात एप्रिलमध्ये माणसांना टँकर येतो. पाच शेळ्यांचं मात्र बांधावरच्या शेवरी-सुबाभळीवर, हादग्यावर, तुरीच्या भुसकटावर आणि घरच्या मक्याच्या भरड्यावर भागतं. अनुदानाची योजना मोठ्या आकड्यांना असते म्हणून माणूस मोठा आकडा धरतो. अनुदान मिळतं म्हणून कुणी सव्वीस भाकरी खात नाही. वाचलेल्यांतल्या पाच माद्या ठेवा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा काढा. पुढचं पत्र तेव्हा लिहा.

"माझ्याकडं आठ शेळ्या. दरसाल पावसाळ्यात दोन-तीन मरतात. औषध दर तीन महिन्याला सगळ्यांना पाजते, मेडिकलवाला देतो तेच. जबड्याखाली पाण्याची पिशवी येते अन् मग शेळी उठत नाही." (सुरगाणा तालुका)

ताई, जबड्याखाली पिशवी आली म्हणजे रक्त फार कमी झालंय. आपल्याकडे पावसाळ्यात हे बहुतेक वेळा पोटातल्या एका बारीक कृमीचं काम असतं. लाल-पांढरा पीळ घातलेली दोरी असावी तसा तो दिसतो, चौथ्या पोटात आतल्या आवरणाला चिकटून रक्त पितो. एक कृमी दिवसाला जेमतेम एक थेंब पितो. पण हजार कृमी असले तर रोज ५० मिलीलिटर गेलं. तुमच्या २५ किलोच्या शेळीच्या अंगात रक्तच मुळात पावणेदोन लिटरच्या आसपास. आणि यातली एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीतून गवतावर, गवतावरून परत पोटात.

दर तीन महिन्यांनी सगळ्यांना तेच औषध, ही सवय सोडा. त्या औषधाला न जुमानणारे कृमीच मागे उरतात आणि त्यांचीच पिलावळ वाढते. आठातल्या दोन-तीन शेळ्यांच्याच पोटात बहुतेक कृमी असतात, त्या शोधायच्या. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उजेडात उभं राहून प्रत्येकीची खालची पापणी उलटून आतला रंग बघा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचा एक तक्ता तयार केला, त्याला फामाचा म्हणतात. तक्ता नसला तरी चालेल: लाल किंवा लालसर असेल तर औषध नको, गुलाबी असेल तर आठवड्याने पुन्हा बघा, फिकट गुलाबी किंवा पांढरट असेल तर त्याच दिवशी औषध. जी शेळी दर वेळी पांढरी निघते तिची पाट (मादी करडू) कळपात ठेवू नका, बाजार दाखवा.

तुमच्याकडे भाताची खाचरं आहेत, गोगलगायी आहेत, म्हणजे यकृतातला चपटा कृमीही असणार. जबड्याखालची पिशवी त्यानेही येते. मेडिकलमधली नेहमीची बाटली त्याच्या लहान अवस्थांवर चालत नाही. मूठभर ताज्या लेंड्या एका डबीत घालून दवाखान्यात न्या, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात, मग औषध ठरवता येतं. आणि नुकती फळलेली शेळी असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा. अल्बेंडाझोल पहिल्या महिन्यात देत नाहीत, पोटातल्या करडाला अपाय होतो.

औषध किती? इथे बहुतेकांचं चुकतं. अंदाजाने पाजलं की कमीच पडतं आणि कमी पडलेलं औषध कृमीला शिकवून जातं. काटा नसेल तर शिवणाचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, तो आकडा त्याच आकड्याने गुणा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर २८, लांबी २६ असेल तर वजन ३१ किलोच्या जवळ येतं. मुलगी आठवीत आहे असं तुम्हीच लिहिलंय, हा हिशोब तिला द्या.

पाजताना शेळीचं तोंड आकाशाकडे धरू नका. नाकपुडी डोळ्याच्या वर जाता कामा नये. बाटलीचं तोंड गालाच्या फटीतून आत, थोडं थोडं, तिला गिळू द्या. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत एका म्हाताऱ्या बाईंच्या शेळीचं मुंडकं वर करून बाटली रिकामी केली होती. ठसका लागला, औषध फुप्फुसात गेलं, तिसऱ्या दिवशी शेळी मेली. त्या बाई मला काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात दुसरी शेळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज मी धरते, तुम्ही सांगा कसं."

चरायला दव उडाल्यावर सोडा. ओल्या गवताच्या पात्यावर कृमीचं पिल्लू वर चढून बसलेलं असतं. झाडाचा पाला जितका जास्त, तितकी ही कटकट कमी. शेळीची मूळची सवय मान वर करून खायची, आपणच तिला खाली वाकायला लावलं.

"चाळीतला कांदा सडतोय, बाजारात न्यायला भाड्याचेही पैसे निघत नाहीत. शेळ्या आवडीने खातात. घालू का? कोणी म्हणतं विष आहे, कोणी म्हणतं ताकद येते." (चांदवड तालुका)

दोघंही थोडे थोडे बरोबर. कांद्यातले गंधकाचे घटक रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. गाईला हे फार लवकर बाधतं, शेळी-मेंढीला त्यामानाने कमी. म्हणून गाईचं बघून शेळीला ठरवू नका आणि शेळीचं बघून गाईला तर मुळीच नको.

हिशोब असा. ३० किलोची शेळी दिवसाला साधारण एक-सव्वा किलो कोरडा अंश खाते. त्यातला कांद्याचा वाटा पाव भागाच्या वर जाऊ देऊ नये. कांद्यात बरंचसं पाणीच, त्यामुळे कागदावर दोन किलो बसतो. पण मी अर्धा ते एक किलोवर थांबा म्हणेन, तोही पहिल्या दिवसापासून नाही, आठ-दहा दिवसांत वाढवत, चिरून, मक्याच्या कडब्याबरोबर किंवा भुसकटाबरोबर. अख्खी गोटी घशात अडकते. काळी बुरशी आलेला, पाणी सुटलेला कांदा उकिरड्यावरच. दुभत्या शेळीला धार काढल्यावर द्या, नाहीतर चहाला कांद्याचा वास येईल.

खरी गोची वेगळीच आहे. चाळ निवडायची वेळ म्हणजे जुलै-ऑगस्ट. आणि वर सुरगाण्याच्या ताईंना ज्या कृमीबद्दल सांगितलं, त्याचाही जोर त्याच महिन्यांत. एकीकडून कृमी रक्त पितोय, दुसरीकडून कांदा रक्त फोडतोय, आणि पापणी दोन्हींनी पांढरीच होते. माणूस कृमीचं औषध पाजत राहतो आणि कांदाही घालत राहतो. म्हणून कांदा चालू असेल तेव्हा सकाळी शेळी उठल्या उठल्या लघवी करते ती बघा. कोऱ्या चहासारखी, लालसर-काळपट दिसली तर कांदा त्याच क्षणी बंद आणि डॉक्टरांना फोन. पापणी आधीच फिकट असलेल्या आणि शेवटच्या महिन्यातल्या गाभण शेळीला कांद्याचं टरफलही नको.

भावाचं मी काय बोलणार. लासलगाव तुमच्या शेजारी आहे, तुम्हालाच जास्त कळतं.

"आमचा द्राक्षबाग ३ एकर. खरड छाटणीचा पाला फेकून देतो. धनगरांचा एक वाडा शेजारी उतरलाय, ते पाला मागतात, बागेतलं गवतही चारतो म्हणतात. मला लेंडीखत मिळेल. द्यायला हरकत आहे का?" (निफाड तालुका)

दादा, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. मेंढ्यांना देऊ नका. पालाही नाही आणि वेलीखालचं गवतही नाही.

कारण मोरचूद, त्यात तांबं असतं. बुरशीसाठी बागेवर फवारता तो बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, एक टक्क्याचं करायचं तर शंभर लिटर पाण्यात एक-एक किलो, हे मी बागायतदाराला काय सांगावं. वर्षातून कितीदा मारता ते तुमच्या फवारणीच्या वहीत आहे. ते तांबं पानावर बसतं, खाली गवतावर ठिबकतं, जमिनीत साठतं. गाय असो, शेळी असो, जास्तीचं तांबं बऱ्यापैकी बाहेर टाकते. मेंढीला ते जमत नाही. तिच्या यकृतात ते साठत जातं, आठवडे, महिने, आणि वरून मेंढी तंदुरुस्त दिसते. मग एक दिवस काहीतरी निमित्त होतं: लांबची चाल, पाऊस, उपास, गाडीतला प्रवास. यकृत साठवलेलं सगळं एकदम रक्तात सोडतं. डोळे पिवळे, लघवी काळी, दोन-तीन दिवसांत मेंढी गेली. तोवर वाडा तुमच्या बागेपासून दोन तालुके पुढे गेलेला असतो आणि द्राक्षाच्या पाल्याचं कुणाच्या मनातही येत नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांना कारण कळत नाही, ज्यांच्याकडे कारण होतं त्यांना नुकसान कळत नाही.

मी असं एक मेलेलं जनावर चिरलं आहे. मूत्रपिंडं बंदुकीच्या नळीसारखी निळी-काळी. सोबतचे मेंढपाळ नजर लागली म्हणत होते. पंधरा दिवसांपूर्वी कुठं चारत होता असं विचारलं, तेव्हा बागांचं नाव निघालं.

शेळीला याची झळ कमी, पण छाटणीच्या पाल्यावर फक्त तांबं नसतं, बाकीची औषधंही असतात. शेवटची फवारणी कधी आणि कशाची, ते वहीत बघितल्याशिवाय शेळीलाही देऊ नका. निर्यातीसाठी तुम्ही ती वही काटेकोर ठेवता. युरोपातल्या गिऱ्हाईकासाठी ठेवलेली वही शेजारच्या मेंढीसाठी एकदा उघडायला काय हरकत आहे!

लेंडीखत हवंच असेल तर वाडा बागेबाहेरच्या मोकळ्या रानात बसवा. सोयाबीन निघालेलं, कांद्याचं रान, काहीही चालेल. रात्रीचा दर धान्यात की पैशात ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि त्या मेंढपाळांना वरची गोष्ट माझ्या नावाने सांगा. जाता जाता आणखी दोन सांगा: गाईसाठी विकतात ते खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये, त्यात तांबं असतं. आणि खुरांच्या दुखण्याला मोरचुदाच्या पाण्यात मेंढ्या उभ्या करतात, ते पाणी त्या पितात. त्याऐवजी झिंक सल्फेट वापरावं, १० टक्क्यांचं.

"बाजारात बेपारी दोन दाती म्हणून शेळी गळ्यात मारतो. वय कसं ओळखायचं?" (मालेगाव)

खालचा ओठ खाली ओढा, फक्त पुढचे खालचे दात बघा. वरच्या बाजूला पुढे दात नसतातच, त्यामुळे 'वरचे पडलेत' म्हणून कुणी भाव पाडायला लागला तर हसून पुढे चला. सगळे बारीक दुधाचे असतील तर वर्षाच्या आतली. मधले दोन मोठे आले म्हणजे दोन दाती, वर्ष-दीड वर्ष. चार म्हणजे दोन वर्षांच्या आसपास, सहा म्हणजे अडीच-तीन, आठ झाले की जुळली. दातांत फटी पडल्या, झिजले, हलायला लागले तर म्हातारी. दोन ते चार दाती आणि एकदा व्यायलेली घ्या. सड दोनच आणि सारखे आहेत ना, तेही हात लावून बघा.

बेपाऱ्याला दात बघू देणं आवडलं नाही तर उत्तर मिळालंच.

"वडील म्हणतात लस टोचली की मेंढ्या गाभडतात. गेल्या वर्षी खरंच सहा गाभडल्या. आमचं खांड दिवाळीनंतर कोकणात उतरतं. लस कधी घ्यावी?" (नांदगाव तालुका)

वडिलांनी डोळ्याने पाहिलंय, तेव्हा त्यांना खोटं पाडू नका. पण गाभडण्याचं कारण बहुतेकदा सुईत नसतं. दिवस भरत आलेल्या मेंढीला दोघांनी धरून, पायाला ओढून, वाघुरीत (मेंढ्या कोंडायच्या जाळीत) चेंगरून टोचलं की ती गाभडते. लस मेंढी फळायच्या आधी किंवा गाभणकाळाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत उरकावी. गाभणकाळ पाच महिन्यांचा, शेवटच्या महिन्यात शक्यतो हात लावू नये.

आंत्रविषाराची लस पावसाचं कोवळं गवत उगवायच्या आधी, म्हणजे मे-जूनच्या सुरुवातीला. पहिल्यांदाच देत असाल तर पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. कोवळ्या गवतावर रात्रीत धष्टपुष्ट कोकरू मरून पडतं, ते हेच. पीपीआर कोकरू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, कोकणात उतरायच्या निदान महिनाभर आधी. लस बर्फातून काढल्यावर उन्हात ठेवली तर नुसतं पाणी टोचलं म्हणायचं. दवाखान्यातून आणायला जाताना बर्फाचा डबा तुमचाच न्या.

एक मात्र गंभीरपणे सांगते. सहा मेंढ्या एका हंगामात गाभडल्या तर रक्त तपासून घ्या. गाभडण्याच्या काही आजारांची लागण माणसालाही होते, महिनोन् महिने ताप जात नाही. गाभडलेलं पिल्लू, वार उघड्या हाताने उचलू नका. कुत्र्यांना टाकू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिला त्या कामाला मुळीच जाऊ देऊ नका.

"मी एका शेतकऱ्याच्या तीन शेळ्या अर्धलीने सांभाळते. गेल्या महिन्यात एक मेली. ते म्हणतात भरपाई दे. औषधाचा खर्चही माझ्याकडूनच झाला. एका पाटीचा मागचा पाय जन्मापासून जरा लंगडा आहे, ती माझ्या वाट्याला टाकली. मला लिहिता येतं, पण व्यवहार तोंडीच झाला होता." (इगतपुरी तालुका)

ताई, अर्धलीचा गावोगाव निराळा रिवाज. पण बहुतेक ठिकाणी मेलेली शेळी मालकाची आणि करडं अर्धी-अर्धी. सांभाळणारीच्या हलगर्जीने मेली तरच भरपाईचा विषय. तुमच्या बाजूने पुरावा काय? तुम्ही औषध आणलं त्याची पावती आहे का? डॉक्टर आले होते का? दवाखान्याच्या रजिस्टरला नोंद असते, तारीख विचारून तिची नक्कल मागा. औषधाला तुम्ही पैसे घातलेत म्हणजे हलगर्जी नव्हती, हे चारचौघांत शांतपणे सांगता येतं. चारचौघांतच सांगा, एकटीने त्यांच्या ओट्यावर जाऊन नको.

पुढचा व्यवहार शंभर पानी वहीत. शेळी आली ती तारीख, तिचा रंग, दाती किती, कानात बिल्ला असेल तर त्याचा नंबर. औषध आणि लस कुणाच्या पैशाने. मेली तर काय. करडं वाटताना पहिली निवड कुणाची, आणि ती पाळीपाळीने बदलणार का. यातलं हे शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण भांडण तिथेच होतं. खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे. मालक नाही म्हणाले तर त्यांना विम्याचं विचारा. विमा मालकाच्या नावावर निघतो आणि बिल्ला, शवविच्छेदनाचा दाखला नसेल तर पैसे मिळत नाहीत. नोंद ठेवणारी बाई त्यांच्याही फायद्याची आहे, हे त्यांना पटेल.

तुमच्या गटात पशुसखी, म्हणजे गावातल्या शेळ्यांची प्राथमिक देखभाल शिकलेली बाई असेल तर तिला बोलवा. नसेल तर तुम्हीच का होत नाही? लिहिता येतं, शेळी हातातली आहे, आणखी काय लागतं? सिन्नरकडे बायकांनी मिळून शेळीपालनाची स्वतःची कंपनी काढलीये. तिथे गावातल्या शेळ्यांचं वजन, लस, पापणी सगळं बायकाच बघतात. एकदा जाऊन या. मी तुमच्याबरोबर यायला तयार आहे. एसटीने गेलो तर घोटीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल.

आणि त्या लंगड्या पाटीला अजून विकू नका. पाय जन्मापासून तसा असला आणि चरताना ती मागे राहत नसली, तर तिचा फोटो आणि चालतानाचा व्हिडिओ मला पाठवा. गुडघ्यातून आखडलाय की खुरातून, ते बघूनच सांगेन.